वाऱ्याचे थोरले आणि आमचं छप्पर

बालिक्ची,
२ ऑक्टोबर

आदरणीय व्याहीबुवा सागिनाली यांना,

सरोवराकाठच्या तुमच्या व्याह्याचा सलाम. जनावरं सुखरूप ना, माणसं सुखरूप ना? (जनावरांची चौकशी मी आधी करतो, कारण माणूस दुखलं-खुपलं तर बोंब तरी मारतं.) गाभण घोडी नीट चरते ना? तुमच्या खिंडीत बर्फ पडलं असं टॅक्सीवाला तुर्दुमामत सांगत होता, पण तो उन्हाळ्यातही तसंच सांगतो, म्हणून खात्री करून घेतो. गुडघा कसा आहे? आमच्या विहीणबाईंना माझा सलाम सांगा, आणि मागच्या वेळी पाठवलेलं लोणी संपलं हेही जाता जाता त्यांच्या कानावर घाला. तुर्दुमामतच्याच हाती धुरावलेले मासे पाठवतोय. पिशवीत बारा आहेत. कमी भरले तर त्याच्या मिशांचा वास घ्या.

सूनबाई सिम्बात आणि नात बेगाय तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. तुमची लेक परत कधी येणार हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करतो. लेक माहेरी गेली की तिने चार दिवस राहावं, आईच्या हातचं खावं. आमचं इथे काही अडत नाही. स्वयंपाक तुमच्या विहीणबाई करतात आणि चहा मी करतो. पत्र लिहायचं कारण असं की मागच्या खेपेला तुम्ही निरोप धाडला होता: आपलंही छप्पर जुनं झालंय, उद्या ते उडालं तर घरवाल्याने नेमकं काय काय करावं, तुम्हाला आता अनुभव आहे तर सांगा. तर ऐका. मला अनुभव भरपूर आहे, आणि माझ्या अनुभवाचं सार एवढंच की मी जे जे केलं ते करू नये, आणि सिम्बातने जे जे केलं ते करावं.

सगळं नीट कळायला माझ्या नावाची भानगड मध्ये आणावी लागेल. तुम्हाला ती ठाऊक आहे, पण मी एकदा सांगायला बसलो की ठाऊक असलेलंही सांगतो. आमच्या घाटातून सुटणाऱ्या वादळी वाऱ्याला स्वतःचं वेगळं नाव आहे; मी जन्मलो त्या दिवशी तो असा काही सुटला होता की आईचा तंबू तिघांनी धरून ठेवला होता, आणि आईने कौतुकाने त्याचंच नाव माझ्या गळ्यात बांधलं. नाव ठेवताना पुढे सून येईल हा विचार कोण करतो? सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही, ही आपली रीत. ज्याचं नाव कोकरू, त्याच्या सुनेची पंचाईत वसंतातले दोन महिने. माझ्या सुनेची पंचाईत बालिक्चीसारख्या गावात बारा महिने तेरा काळ. पण पोरीने कुरकुर केली नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने आपला शब्द तयार केला: वाऱ्याचे थोरले. वाळत घातलेलं आत घ्या, वाऱ्याचे थोरले येताहेत, असं ती सासूला सांगायची. आता नऊ वर्षांनी आख्खी गल्ली तसंच म्हणते. मलाही सवय जडली आहे, तेव्हा ह्या पत्रातही तसंच येईल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तर सप्टेंबरच्या नऊ तारखेला दुपारी वाऱ्याचे थोरले आले. मी जेवून पडलो होतो. (मी झोपलो होतो असं लोक म्हणतात. मी डोळे मिटून विचार करत होतो.) तुमच्या विहीणबाईंनी पहिल्याच दणक्याला डोक्यावर रजई ओढली ती संध्याकाळी काढली. शेजारी जेकशेन त्याच्या परसातल्या संडासात होता. म्हणजे ते छप्पर जाताना उघड्या डोळ्यांनी पाहिलं ते एकट्या सिम्बातने. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण ह्यातूनच घडलं. पश्चिमेकडचं आख्खं पाखं, सिमेंटचे पत्रे, खालच्या पट्ट्या आणि आढ्याच्या लाकडासकट उचललं गेलं आणि अर्धं रस्त्यावर, अर्धं जेकशेनच्या संडासावर पडलं. जेकशेन बाहेर आला, विजार बांधली, आमच्या घराकडे पाहून सलाम केला आणि विचारलं की हे तुमचं का. माणूस भला आहे. त्याने एवढंच विचारलं.

सिम्बातने काय केलं ते पाहा. आधी विजेचा मेन स्विच बंद केला. मग माणसं मोजली, बेगायला आणि रजईसकट सासूला पूर्वेकडच्या खोलीत बसवलं आणि मला दारात अडवलं, कारण मी रबरी जोडे घालून शिडीकडे निघालो होतो. ती म्हणाली की अजून पत्रे लोंबताहेत, सगळं शांत होईपर्यंत वर जायचं नाही. मी म्हणालो की मी चौतीस वर्षं धक्क्यावरची क्रेन चालवली आहे, मला उंची शिकवू नकोस. मग मी मागच्या बाजूने चढलो. क्रेनला कठडा असतो हे मला वर गेल्यावर आठवलं. पाच मिनिटं मी पन्हळीला धरून लोंबकळत होतो, आणि तेवढ्या वेळात त्या पोरीने काही न बोलता शिडी आणून माझ्या पायाखाली लावली, मला उतरवलं, आणि जोडा पडला होता तोही आणून दिला. लोंबकळल्याचं तिने सासूला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हीही तिकडे विषय काढू नका.

मग तिने फोन घेऊन घराचे चारी बाजूंनी फोटो काढले. खाली पडलेल्या एका तुकड्यालाही तोवर हात लावू दिला नाही. मला हे पटलं नाही. घर उघडं पडलंय आणि ही फोटो काढतेय! मी आपला तुकडे उचलून पाटात टाकायला लागलो. परिणाम असा की पाट तुंबला आणि जेकशेनच्या बटाट्यांत गुडघाभर पाणी झालं. (एकाच दिवशी आधी संडास, मग बटाटे. त्याने दोन्ही वेळा सलाम केला.) तिने ते सगळे तुकडे परत काढले. तोंडाला फडकं बांधून, त्यांवर आधी पाणी शिंपडून, कारण जुन्या सिमेंटच्या पत्र्याची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही म्हणे. एका कोपऱ्यात ढीग रचला आणि त्याचाही फोटो काढला. व्याहीबुवा, मी क्रेनने जहाजं रिकामी केली आहेत, पण एवढ्या शिस्तीचं काम मी धक्क्यावर पाहिलं नाही.

आता पावसाचं. आभाळ भरून आलेलं, आणि गावातली सगळी ताडपत्री तासाभरात संपली, कारण छपरं अकरा घरांची गेली होती. तेव्हा तिने कोठीतून तुम्ही लग्नात दिलेला, तंबूवर घालायचा लोकरीचा जाड नमदा काढला. ह्या नमद्यावरून मी नऊ वर्षं तुमची टिंगल केली आहे. बालिक्चीतल्या चार खोल्यांच्या पक्क्या घराला तंबूचा नमदा देणारा व्याही मला मिळाला, असं मी कितीतरी मेजवान्यांत सांगितलं आहे. तो नमदा आम्ही दोघांनी आणि जेकशेनने (हो, जेकशेनने) उघड्या पाख्यावर पसरला. कसा बांधायचा ते तिला बरोबर ठाऊक होतं. खालचं टोक आधी, वरचं त्यावर चढवून, पट्टे आडवे आणि दगडांना खेचून. तीन दिवस पाऊस पडला. आत एक थेंब आला नाही. मी तुमची माफी मागतो. लेखी मागतो, म्हणजे तुम्हाला चारचौघांत दाखवता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या गाडीतून एक छप्परवाला आला. छपरं उडाली की हे लोक कुठून उगवतात देव जाणे. गोड बोलणारा, खिशात पत्र्याचे रंगीत नमुने. त्याने सांगितलं की उरलेलं पाखंही कुजलंय, ते पाडून टाका, मी नवीन घालतो, फक्त इथे सही करा. मी केली. मला निळा रंग आवडला होता. सिम्बातने बाहेर येऊन कागद वाचला, त्याला आत बोलावलं आणि समोर भाकरी ठेवली. मग शांतपणे म्हणाली, भाऊ, भाकरीवर हात ठेवून सांगा की हे छप्पर पुढच्या वसंतापर्यंत टिकेल. व्याहीबुवा, तो माणूस भाकरीकडे पाहत राहिला. खोटारडा होता, पण आपल्यातलाच होता; भाकरीची खोटी शपथ त्याच्याने घेववेना. त्याने हात मागे घेतला, म्हणाला की गाडीत काहीतरी विसरलंय, आणि गेला तो गेलाच. सही केलेला कागद तिने चुलीत घातला. मी घर राखलं असतं तर आज माझ्याकडे निळ्या रंगाचे नमुने असते आणि छप्पर नसतं.

इथपर्यंत मी नुसता मूर्ख ठरलो होतो, त्याची मला सवय आहे. खरा घोळ पुढे. सरकारने नुकसान पाहायला कारकून पाठवला. नियम असा की वाऱ्याच्या थोरल्याने छप्पर नेलं असेल तर सरकार पत्रे देतं. नुसत्या वाऱ्याने नेलं असेल तर काही नाही, कारण नुसता वारा आमच्याकडे रोजच असतो, त्याला पत्रे देत बसलं तर सरकारचंच छप्पर जाईल. कारकून राजधानीत वाढलेला, पातळ बुटांचा. तो आला तेव्हा मी कुठे असेन? छपरावर, हातात पहार घेऊन. छप्परवाला गेला तरी त्याचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि नमदा सोडून उरलेल्या पाख्याचे पत्रे मी उचकटत होतो. कारकुनाने खाली सिम्बातला विचारलं, छप्पर वाऱ्याने नेलं का? ती म्हणाली, नाही, वाऱ्याने नाही. मग कुणी? आता ती काय सांगणार? वाऱ्याच्या थोरल्यांनी, म्हणाली. त्याला कळेना. थोरले म्हणजे कोण? तिने डोळे खाली घातले आणि म्हणाली, आमच्या घरातल्या थोरल्यांचं जे नाव, त्यांनी. घरातले थोरले कुठे आहेत? तिने बोट वर केलं. वर मी होतो. त्याच क्षणी मी एक पत्रा खाली फेकला.

आठवड्याने कागद आला. छप्पर घरमालकाने स्वतः उतरवलेलं आढळलं, एकमेव साक्षीदार सुनेनेही तसंच सांगितलं, मदत नामंजूर, आणि खोटी मागणी केल्याबद्दल एकवीस तारखेला हजर राहावं. फोटोंत छप्पर गेलेलं दिसत होतं, नेणारा दिसत नव्हता. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र होतं ते त्या दिवशी वाऱ्याच्या थोरल्यांनीच नेलं होतं. साक्षीदाराने स्वतःच्या तोंडाने जबाब बदलावा, दुसऱ्याचं चालणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी घरात आरडाओरडा केला हे कबूल करतो. मग म्हणालो, सूनबाई, मी परवानगी देतो, घे माझं नाव. तिने नकाराने मान हलवली. मी म्हणालो, मग लिहून दे. ती म्हणाली, मामंजी, हाताने घेतलं काय आणि तोंडाने घेतलं काय. गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या, त्यांचं दोन दिवस खलबत चाललं. एकीचं म्हणणं पडलं की सरकार सासरचं नाही, तेव्हा त्याच्यापुढे चालतं. दुसरी म्हणाली की सरकार सासूपेक्षा वाईट. निकाल लागला नाही. तिकडे डोंगरावर बर्फ रोज थोडं खाली उतरत होतं.

एकवीस तारखेला आम्ही गेलो. टेबलामागे तिघं, मधली बाई मोठी साहेब. खोलीत गावातली तीसेक माणसं, आपापल्या छपरांसाठी आलेली. बाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ह्या वयात स्वतःचं छप्पर पाडून सरकारकडे पत्रे मागता, आजोबा, लाज नाही वाटली? व्याहीबुवा, मी बडबड्या माणूस. तुम्ही ओळखता मला. एकाहत्तर वर्षांत मला चोर कुणी म्हटलं नव्हतं. ओळखीची तीस माणसं पाठीमागे बसलेली. पण मी टोपी हातात घेतली आणि खाली पाहत उभा राहिलो.

तेव्हा सिम्बात उठली. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "छप्पर त्याने नेलं, यांनी नाही. हे माझे सासरे आहेत. यांनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही." मात्र 'त्याने' आणि 'यांनी' असं ती म्हणाली नाही. दोन्ही जागी तिने नावं घेतली. आधी त्याचं, मग माझं, पूर्ण, माझ्या वडिलांच्या नावासकट, खणखणीत. मागच्या म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. बाई आपल्याकडच्याच निघाल्या. त्यांना कळलं की ह्या मुलीला हे वाक्य केवढ्याला पडलं. त्यांनी लेखणी उचलली, कारकुनाचं लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं आणि उठून माझ्याशी हात मिळवला. पत्रे परवा आले. राखाडी आहेत.

परतीच्या गाडीत आम्ही बोललो नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, धूळ फार होती. घरी येऊन तिने चहा केला, सगळ्यांना दिला, माझ्यासमोर पेला ठेवताना चेहऱ्यावर रुमाल ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी बेगायचे कपडे बांधले आणि सासूला सांगून निघाली. आईची आठवण आली म्हणाली. माणसाला आईची आठवण येते, त्यात विशेष काही नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सगळं वर आलंच आहे. शांत होईपर्यंत चढू नका, आधी फोटो, मग झाकणं, दारात आलेल्या गोडबोल्याला भाकरी दाखवा, आणि कारकून येईल तेव्हा कृपा करून जमिनीवर राहा. आणि हे सगळं करणारं कुणीतरी घरात असावं. मुलगे असून उपयोग नसतो. आमचे चिरंजीव, तुमचे जावई, तिकडे रशियात येकातेरिनबुर्गमध्ये लोकांच्या घरांवर छपरं घालतात.

थोरामोठ्यांना सलाम, बेगायला पापा.

तुमचा,
व्याही

ता. क. : पुढच्या शनिवारी आमच्याकडे अशार आहे. गल्लीतले सगळे येऊन दिवसात छप्पर चढवून देणार, मेंढा मी कापणार. पत्रे आलेत, पण लाकूड नाही, आणि इथल्या पॉपलरवर माझा भरवसा नाही. तुमच्या जंगलातले देवदाराचे चौदा वासे पाठवता आले तर बघा. वाशांबरोबर तुम्हीही या. नमद्याबद्दलची माफी तोंडीही मागेन.

ता. क. २ : वर लिहिलंय की आमचं इथे काही अडत नाही. ते खोटं आहे. तुमच्या विहीणबाई रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन तुर्दुमामतच्या गाडीतून कोण उतरतं ते पाहून येतात, आणि मला सांगतात की मीठ आणायला गेले होते. घरात अकरा पुडे मीठ झालंय.

ता. क. ३ : तुमचा चष्मा घोड्याच्या टापेखाली गेला आणि नवा यायला महिना लागेल, हे तुर्दुमामतने मला आधीच सांगितलं होतं. तेव्हा हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार, ते लिहायला बसलो तेव्हाच मला ठाऊक होतं. तुम्ही ऐकलंच असेल, एवढ्या लांबलचक पत्रात ना माझं नाव आलं, ना त्याचं. सहीतसुद्धा नाही. दोनदा चुकून आलं, दोन्ही कागद चुलीत घातले आणि पहिल्यापासून लिहिलं. वाचताना तिला कुठे अडखळावं लागू नये एवढ्यासाठी. एका पत्रात मला घाम फुटला. तिने हे नऊ वर्षं केलं.

आता पुढचं तिच्यासाठी आहे, ते मोठ्याने वाचायचं नाही. सिम्बात, पोरी, गाडीत मी रागावलो नव्हतो. मला रडू आलं होतं, आणि सुनेसमोर सासऱ्याने कसं रडावं याची रीत आपल्यात कुणी घालून दिलेली नाही. माझी आई गेल्यानंतर माझं नाव इतक्या मायेने कुणी घेतलं नव्हतं. घरी ये.